निबंधाच्या वहीपासून ग्रामसभेच्या नोंदवहीपर्यंत
(गडचिरोली येथे विद्यार्थ्यांच्या वाङ्मयीन मेळाव्यात एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने केलेले भाषण)



“माझे लेखन आणि माझी घडण” हा विषय आयोजकांनी मला दिला आहे. जिच्या नावावर एकही छापील पुस्तक नाही अशा विद्यार्थिनीने या विषयावर बोलावे, हे थोडेसे धाडसाचेच. प्रथितयश साहित्यिक आपल्या लेखनाच्या प्रेरणा सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात त्यांची पुस्तके असतात. माझ्याजवळ केवळ दोन वह्या आहेत. एक आश्रमशाळेतली निबंधाची वही. दुसरी आमच्या गावच्या ग्रामसभेची नोंदवही, आणि ती तर माझी नव्हेच, गावाची आहे. तरीही मी उभी राहिले, कारण आपल्या या झाडीच्या मुलखात लिहिता येणे ही केवळ साहित्याची बाब राहिलेली नाही. एखाद्या गावाचे जंगल गावाकडे राहते की नाही, हे पुष्कळदा कोणीतरी नीट लिहिलेल्या चार पानांवर अवलंबून असते.

आपला प्रदेश भाषांच्या बाबतीत किती श्रीमंत आहे, याची आपणांस कल्पना आहेच. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, परंतु बोलींनी ही सीमा कधी मानली नाही. वडसा, आरमोरीकडे झाडीबोली, धानोरा, कोरचीकडे गोंडी, त्यातही कोरचीला छत्तीसगढीचा शेजार, भामरागड, एटापल्लीत माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, आणि चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांत पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. राजुऱ्याची गोष्ट तर आणखी निराळी. तो तालुका पूर्वी निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता, 1956 नंतर नांदेडात आला आणि 1959 मध्ये चंद्रपूरला जोडला गेला. घरातली भाषा मात्र होती तीच राहिली. 2011 च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या देशात 29 लाखांहून अधिक आहे. इतके लोक जी भाषा बोलतात ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि आपल्या बहुतेक शाळांत ती वर्गाच्या दाराबाहेरच थांबते.

माझे घर धानोरा तालुक्यातले, गोंडी बोलणारे. मराठी मी शाळेत शिकले. आज मराठी हाच माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात परकेपणा नाही. परंतु परक्या भाषेतून आपल्या भाषेत येण्याचा प्रवास ज्याने केला, त्याला त्या वाटेवरचे खाचखळगे इतरांपेक्षा अधिक ठाऊक असतात. एकच उदाहरण देते. मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडीत पुरुषासाठी एक रूप, आणि स्त्री, झाड, नदी, गाय, दगड या साऱ्यांसाठी दुसरे एकच रूप. “वोर” म्हणजे तो. “अद” म्हणजे ती आणि तेही. या भाषेत वाढलेले मूल “ती झाड” असे लिहिते, तेव्हा ते निष्काळजीपणे लिहीत नसते. आपल्या आईच्या व्याकरणाने अगदी काटेकोर लिहीत असते. वहीवर लाल रेघ ओढताना शिक्षकांनी ही गोष्ट त्या मुलाला सांगितली, तर त्याचा अर्धा भार हलका होईल. आमच्या शाळेत एका गुरुजींनी ती सांगितली होती. ते स्वतः झाडीबोलीत वाढलेले. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर त्यांनीही तुडवले होते.

शाळेतल्या निबंधांची चेष्टा करण्याची आजकाल रीत पडली आहे. मला ती पटत नाही. “पावसाळ्यातील एक दिवस”, “नदीचे आत्मवृत्त”, “माझा आवडता सण” या विषयांनी मला वाक्य पूर्ण करावयास शिकवले, परिच्छेद कोठे मोडावा हे शिकवले, आणि वसतिगृहातील रात्रीच्या अभ्यासात कागदाशी एकटे बसण्याची सवय लावली. ही शिस्त लहान नव्हे. मात्र त्या निबंधांतला पाऊस पुस्तकातला होता. तो रिमझिम येई, मोर नाचवी आणि कागदी होड्या सोडून निघून जाई. आमच्याकडचा पाऊस आला की नाल्यापलीकडची गावे तुटत. पर्लकोटेला पूर चढला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या येत. बाळंतपणाला बाई न्यायची कशी याची घरोघर चर्चा चाले. निबंधाने हे लिहू नका असे कोणी सांगितले नव्हते. परंतु लिहावे असेही कोणी सुचविले नव्हते, आणि नमुना निबंधांच्या पुस्तकात तसा पाऊस कोठे पडत नव्हता.

महाविद्यालयात आल्यावर वाचन वाढले आणि आपल्याच जिल्ह्यातल्या लेखनाची ओळख झाली. त्यातील एक योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. 1979 साली चंद्रपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष वामन कृष्ण चोरघडे. त्याच 1979 साली, त्याच जिल्ह्यात, भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. दोन्ही ठिकाणांत अंतर फारसे नाही. पण एकात मराठी साहित्याचा दीर्घ वारसा बोलत होता, आणि दुसऱ्यात नुकतीच लेखणी हाती घेतलेली माणसे आपले नाव स्वतः लिहू पाहत होती. विनायक तुमराम यांचा “गोंडवन पेटले आहे”, उषाकिरण आत्राम यांचा “मोट्यारीन” हे संग्रह मी वाचले तेव्हा पहिला आनंद शब्दांचा होता. आपल्या घरात बोलले जाणारे शब्द छापील पानावर, तळटीप न मागता, उभे होते.

आपल्या सीमेपलीकडचे एक जुने उदाहरण अधिक लोकांना माहीत असावयास हवे. आदिलाबादमधील मारलवाई या गोंड खेड्यात 1943 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, आणि गोंडी भाषेची प्राथमिक पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी त्या भागात अधिकारी होते. त्यांनी गोंडी शिकून तिच्या व्याकरणावर लिहिले. शासनाचा अधिकारी खेड्यात जाऊन प्रजेची भाषा शिकतो, हे चित्र मला मोठे मोहक वाटते. आणि अलीकडचे उदाहरण हवे असेल तर आमच्याच धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. तिच्या मान्यतेचा प्रश्न निराळा आहे, त्यात मी आज शिरत नाही. परंतु एका वस्तीला आपल्या मुलांची पहिली अक्षरे आपल्या भाषेत असावीत असे वाटते, ही गोष्ट कोणत्याही भाषाप्रेमी माणसाने दुर्लक्षिण्यासारखी नाही.

आता दुसऱ्या वहीकडे वळते. माझी खरी घडण, ज्याला मी लेखनाची घडण म्हणेन ती, या वहीत झाली.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा 2006 मध्ये संमत झाला, 31 डिसेंबर 2007 पासून तो अंमलात आला आणि 1 जानेवारी 2008 रोजी त्याचे नियम अधिसूचित झाले. वैयक्तिक शेतीचा हक्क त्यात आहेच. पण आपल्या भागाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा तो सामूहिक हक्क. परंपरेने गाव ज्या जंगलाचा वापर आणि सांभाळ करीत आले, ते जंगल राखण्याचा, वाढविण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क. 2009 साली मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना असे हक्क मिळाले. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे 1,800 हेक्टर आहे. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात एक हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या यशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातील एकच गोष्ट येथे सांगावीशी वाटते. त्या गावाने बऱ्याच आधीपासून अभ्यासगट चालविले होते. निर्णय ग्रामसभेत, परंतु त्याआधी अभ्यास, चर्चा, नोंद. हक्क मिळण्याच्या कितीतरी आधी ते गाव लिहू-वाचू-बोलू लागले होते.

दावा करावयाचा म्हणजे पुरावे द्यावयाचे. कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे ती विद्यार्थ्यांनी एकदा मुद्दाम वाचावी. शासकीय अभिलेख, नकाशे, निस्तारपत्रके त्यात आहेतच. परंतु विहिरी, दफनभूमी, देवस्थाने अशा खुणाही पुरावा म्हणून चालतात. आणि दावेदाराखेरीज अन्य वयोवृद्ध माणसांचे निवेदन, लेखी उतरवून घेतलेले, हेही पुराव्यात धरले आहे. वृद्ध माणसाच्या स्मरणाला कायद्याने पुराव्याचे स्थान दिले, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे. मात्र ते “लेखी उतरवून घेतलेले” हवे. उतरवणार कोण?

आमच्या गावात हे काम दोघातिघांच्या वाट्याला आले. मी तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षात होते आणि तेंदूच्या हंगामासाठी घरी आले होते. सकाळी पाने तोडावयाची, दुपारी पुडे बांधावयाचे, संध्याकाळी फडीवर मोजून द्यावयाचे, आणि रात्री कंदिलाशी वही घेऊन एखाद्या वृद्धाच्या अंगणात बसावयाचे, असे ते दिवस गेले. चार वृद्धांची निवेदने घ्यावयाची होती. त्यांपैकी एका आजींविषयी सांगते. नाव सांगत नाही. त्यांना ते आवडले नसते.

वनहक्क समितीने प्रश्न ठरवून दिले होते. जंगलाच्या सीमा कोणत्या? कोणकोणती उपज घेता? केव्हापासून? आजींनी सीमा सांगितली ती अशी: अमुक नाल्यापासून वर चढत गेले की तीन मोह लागतात, त्यातला मधला आमच्या दिराच्या घरचा, तेथून पेनच्या जागेपर्यंत, तेथून पूर्वजांच्या दगडांपर्यंत, मग खाली, जेथे उन्हाळ्यातही येर आटत नाही तेथवर. “येर” म्हणजे पाणी. ही सीमा ऐकताना मला जाणवले, की यात दिशा एकही नाही. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण हे शब्दच नाहीत. प्रत्येक टोकाला एक नाते आहे किंवा एक आठवण आहे. नमुन्यात मात्र चतुःसीमा लिहावयाची होती. तेव्हा मी दोन पाने केली. एकावर आजींच्या शब्दांत, गोंडीतच, देवनागरी अक्षरांनी. समोरच्या पानावर मराठीत, दिशा घालून. दुसऱ्या दिवशी समितीतले दोघे आजींना घेऊन प्रत्यक्ष सीमेवर फिरले आणि दोन्ही पाने जागेवर ताडून पाहिली. ही दोन पानांची पद्धत त्या दिवसापासून मी सोडलेली नाही.

उपजेची यादी सोपी होती: मोह, तेंदू, चार, हिरडा, बेहडा, बांबू, डिंक, मध, रानभाज्या, वैदूची मुळे. ती मी वाचून दाखविली. आजींनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “पोरी, आम्ही काय आणतो ते लिहिलेस. केव्हा आणत नाही ते कोण लिहिणार?”

मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या. मर्का पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्यावाचून नव्या आंब्याला तोंड लावायचे नाही. मोहाचे तसेच. बी पेरण्याआधी विज्जा पंडुम. कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, देवाच्या राईतून काडीही का उचलायची नाही, चार झोडपताना फांदी मोडली तर गाव काय म्हणते. नमुन्यात यासाठी रकाना नव्हता. पण कायद्याचे मूळ शब्दच “राखणे, वाढविणे, सांभाळणे” असे आहेत; आणि गाव हे जंगल राखत आले याचा याहून बोलका पुरावा कोणता? आम्ही हा सगळा मजकूर स्वतंत्र कागदावर लिहून निवेदनाला जोडला. त्यावर आजींचा अंगठा आहे.

त्या रात्री लेखनाविषयी जी गोष्ट उमगली ती पाठ्यपुस्तकाच्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न करते. निबंधातले वाक्य सुंदर असले म्हणजे पुरे. निवेदनातल्या वाक्याला कोणीतरी विचारणार असते: हे कोणी पाहिले? केव्हा? तुला कोणी सांगितले? उपविभागस्तरीय समितीच्या बैठकीत एखादा अधिकारी बोट ठेवील, आणि त्या शब्दामागे माणूस उभा करता आला पाहिजे. “पूर्वापार” हा शब्द मराठीत किती सहज येतो! परंतु आजी तसे बोलत नाहीत. त्या म्हणतात, माझ्या सासूच्या लग्नात ह्याच मोहाची फुले होती. “पूर्वापार” खोडून सासूचे लग्न ठेवले, की वाक्य साधे होते आणि भक्कमही होते. तेव्हापासून माझ्या लेखनातील विशेषणे आपोआप कमी झाली. माझ्या प्राध्यापकांनी हे ओळखले व कारण विचारले. मी म्हटले, ग्रामसभेत काम करते. ते हसले, पण पुढच्या शोधनिबंधाचा विषय त्यांनीच सुचविला.

येथे मारुती चितमपल्ली यांचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. वनखात्याच्या नोकरीत नवेगावच्या परिसरात वर्षानुवर्षे राहून त्यांनी पक्षी, प्राणी, झाडे यांची स्थानिक नावे आदिवासी आणि मासेमार सोबत्यांकडून शिकून घेतली, टिपून ठेवली, आणि मराठीला अरण्याचा शब्दसंग्रह दिला. 18 जून 2025 रोजी ते गेले. रोज टिपण ठेवणे या साध्या सवयीतून केवढे मोठे काम उभे राहते, याचे ते आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. मात्र एक फरक मी नम्रपणे नोंदविते. ते बाहेरून अरण्यात आले आणि शिष्य झाले. आम्ही आतच जन्मलो, आणि शिकावयास बाहेर गेलो. आमच्यापुढचे संकट वेगळे आहे. आठ-दहा वर्षे वसतिगृहात राहिलेल्या मुलीला घरच्या झाडांची नावे आजीला विचारावी लागतात. मी त्या रात्री जी तीसेक रानभाज्यांची नावे लिहिली त्यांतली निम्मी मला ठाऊक नव्हती. शाळेने मला अक्षर दिले आणि त्याच वर्षांत ही नावे माझ्यापर्यंत पोहोचायची राहिली. हा हिशेब कोणावर दोष म्हणून मी मांडीत नाही. पण तो मांडल्यावाचून विद्यार्थ्याच्या घडणीचे चित्र पुरे होणार नाही.

त्या चार वृद्धांपैकी दोघे आता नाहीत. त्यांतल्या एक ह्या आजी. दावा दाखल झाला आहे. त्यावरील कार्यवाही चालू आहे. निकालाविषयी मी आज काही बोलू शकत नाही. निकाल काहीही लागो, समितीला आणखी पुरावा लागला तर ज्यांना विचारावयाचे ती माणसे दर वर्षी कमी होत आहेत, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून ग्रामसभेने ठराव करून ही नोंद पुढे चालू ठेवण्याचे ठरविले. आता आम्ही केवळ दाव्यापुरते लिहीत नाही. मोहाची झाडे घरवार, पाण्याच्या जागा, सणांचे क्रम, मासे धरण्याच्या रीती, आजारावरच्या मुळ्या हे सारे दोन-दोन पानांत उतरत आहे. औषधी मुळ्यांची काही पाने ग्रामसभेने बाहेर न देण्याचे ठरविले आहे, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. लिहिलेले सर्वच छापण्यासाठी नसते.

लिपीविषयी मला नेहमी विचारतात. गोंडीसाठी 1918 च्या सुमारास मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी लिपी घडविली. आदिलाबादच्या गुंजाळा गावी जुनी हस्तलिखिते मिळाल्याने दुसरी लिपी उजेडात आली. दोन्हींना 2017 आणि 2018 मध्ये संगणकाच्या युनिकोड प्रमाणात स्थान मिळाले. तरुणांत या लिप्यांविषयी अभिमान आहे आणि तो असावाच. आमची नोंदवही मात्र देवनागरीत आहे. कारण सरळ आहे: आजींचा सातवीतला नातू ती वाचतो. ग्रामसभेत मोठ्याने तोच वाचून दाखवितो, आणि एखादा शब्द मी कानाला ऐकू आला तसा लिहिला पण म्हाताऱ्यांना वेगळा हवा असला, की तेथल्या तेथे दुरुस्त होतो. असा संपादक कोणत्या मासिकाला मिळाला आहे?

माझ्या शोधनिबंधात ही गोंडी पाने मूळ रूपात, मराठी अनुवादासह जोडावीत, असा माझा विचार आहे. परीक्षकांस ती वाचता येणार नाहीत अशी शंका कोणी काढील. मराठी अनुवाद समोर असेलच. शिवाय गोंडवाना विद्यापीठाची स्थापना 2011 मध्ये झाली ती ह्याच दोन जिल्ह्यांसाठी, तेव्हा येथे गोंडी वाचणारा परीक्षक मिळणे अवघड असू नये.

येत्या उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकजण मोहाला आणि तेंदूला घरी जातील. ज्यांच्या गावी अशी नोंद झालेली नाही त्यांनी जाताना एक जाड, रेघांची, शिवलेल्या बांधणीची वही न्यावी. सुट्या कागदांना पावसाळ्यात वाळवी लागते. डाव्या पानावर सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच भाषेत, उजव्या पानावर मराठी. खाली तारीख, सांगणाऱ्याचे अंदाजे वय, आणि ऐकताना जवळ कोण होते त्यांची नावे. वाचून दाखविल्यावाचून अंगठा घेऊ नये. आणि वही घरी ठेवू नये, ग्रामसभेच्या पेटीत ठेवावी. आमच्या गावची वही पाहावयाची असेल तर ग्रामसभेला आधी निरोप द्यावा. बैठकीच्या दिवशी ती पेटीतून बाहेर निघते.

जय सेवा.